जुन्या पीसीत ग्राफिक कार्ड टाकताय? आधी झाकण उघडा

पुतण्याचा फोन, काका पैसे साठलेत, कुठलं कार्ड घेऊ. म्हटलं कार्डाचं नंतर बघू, आधी पीसीचं झाकण काढ आणि एसएमपीएसवरच्या, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या पेटीवरच्या, स्टिकरचा फोटो टाक. २४० वॉट निघाला, ऑफिसातून निघालेला सेकंडहँड स्लिम डबा, म्हणजे निम्मी कार्डं तिथंच बाद.

मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, त्याच्या वर लागले की ६ पिनची वेगळी वायर लागते आणि ती असल्या डब्यात नसतेच. साटाच्या, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या, पिनेला कन्व्हर्टर लावून देतो म्हणणारे भेटतील, नका ऐकू, ती पिन जेमतेम ५४ वॉटची, वितळते.

मग उरतं काय? जीटीएक्स १६५०, ७५ वॉट, ४ जीबी, पण याच्या काही मॉडेलला ६ पिन असते त्यामुळे फोटो बघूनच घ्या. १०५० टीआय पण ७५ मध्येच बसतं, मात्र ते २०१६ चं, स्वस्तात मिळालं तरच. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॉट खातं पण बोर्डाशी डेटाची ये-जा करायला त्याला चारच लेन म्हणजे वाटा असतात, त्यामुळे जुन्या बोर्डावर मार खातं, शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करायचे असतील तर विसरा. जीटी १०३० घेणार असाल तर बॉक्सवर जीडीडीआर५ (कार्डातल्या मेमरीचा प्रकार) लिहिलंय का बघा, त्याच नावाने डीडीआर४ वालं पण विकतात आणि ते फारच रडतं. जीटी ७१० गेमसाठी कुणी फुकट दिलं तरी नको.

आता उंची. हे मी स्वतः भोगलंय. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून हौसेनं कार्ड आणलं, घरी येऊन बघतो तर लोखंडी पट्टी दोन बोटं वर, स्लिम कॅबिनेटला लो प्रोफाइल म्हणजे बुटकं कार्ड लागतं हे डोक्यातच नाही, आणि दुकानदार म्हणे उघडलेला माल परत नाही. शेवटी पट्टी काढून डबा आडवा टाकून झाकणाशिवाय दोन महिने चालवला, आणि मी डोकं खाजवतोय की एवढं गरम का होतंय, तर धूळ जाऊ नये म्हणून आई दुपारी त्यावर जुना टॉवेल टाकायची. तेव्हा मोजपट्टी घेऊन जा सोबत, आतली जागा मोजून.

रॅमची एकच कांडी असेल तर आधी तसलीच दुसरी टाकून बघा, ऑनबोर्ड ग्राफिक्स, म्हणजे कार्डाशिवाय पीसीत आधीपासूनच असतं ते, रॅमच वापरतं, हलक्या गेमचं काम कधीकधी तेवढ्यात होतं.

आणि सेकंडहँड घेताना दुकानातच पीसीला लावायला सांगा, जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. जुन्या जीटीएस ४५० कार्डाचा बायोस, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बदलून १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डं असतात, तिथं नावाआधी सरळ फेक लिहून येतं. दुकानदार लावून द्यायला कुरकुर करायला लागला की पुढचं दुकान गाठा, तपकीर गल्लीत दुकानांची कमी नाही.