नक्षी शाबूत, टायर बाद: जुन्या मोटारीचे आणि उसाच्या ट्रॉलीचे टायर कसे तपासावेत

आमच्या घरी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वर्षातले तीनशेहून अधिक दिवस ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. दसऱ्याला तिची पूजा होते आणि थंडीत दोन-चार रविवारी ती गावाबाहेर फिरून येते. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुताना मागच्या उजव्या टायरच्या खाचेत अडकलेला खडा मी स्क्रू-ड्रायव्हरने काढला, तेव्हा खाचेच्या तळाशी केसाएवढी बारीक भेग दिसली. दोन्ही अंगठ्यांनी रबर बाजूला ताणल्यावर ती भेग उघडली आणि आतले धागे दिसले. नक्षी मात्र जवळजवळ नव्यासारखी होती. बाजूवरचा आकडा वाचल्यावर उलगडा झाला: टायर चौदा वर्षांचा होता, आणि तेवढ्या काळात गाडी जेमतेम सहा हजार किलोमीटर धावली होती.

रोज धावणाऱ्या गाडीचा टायर झिजून बाद होतो आणि ती झीज कोणालाही दिसते. क्वचित धावणाऱ्या वाहनाचा टायर वयाने बाद होतो, आणि ते वय नक्षीवर उमटत नाही. आपल्याकडे अशी वाहने दोन प्रकारची आहेत. एक, हौसेने जपलेल्या जुन्या मोटारी. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांची २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी केली, तर ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणताच येत नाहीत, त्यामुळे त्यांचे टायर झिजण्याचा प्रश्नच उरत नाही. दोन, उसाच्या ट्रॉल्या. गाळप हंगाम संपला की त्या शेताच्या बांधावर किंवा घराच्या मागे उन्हापावसात उभ्या राहतात आणि दिवाळीच्या सुमारास थेट पूर्ण भाराखाली जुंपल्या जातात. पहिल्या प्रकारच्या मालकाला आपली गाडी कौतुकाची वाटते आणि दुसऱ्याला ट्रॉली हे निव्वळ अवजार वाटते, पण दोघांच्या टायरचे दुखणे एकच आहे.

उभ्या टायरचे रबर का मरते, हे समजून घेतले तर पुढची तपासणी डोळसपणे करता येते. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराचे रेणू तोडतो आणि त्यातून पृष्ठभागावर भेगा पडतात. हे टाळण्यासाठी कारखान्यात रबरामध्ये मेण आणि ओझोनला रोखणारी रसायने मिसळलेली असतात; टायर फिरताना दबतो, वाकतो, तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर तयार करतात. उभ्या टायरमध्ये ही हालचाल थांबते, म्हणून तो थर नव्याने बनत नाही. दुसरा बिघाड आतून होतो आणि तो अधिक घातक आहे. टायरमध्ये भरलेल्या हवेतला प्राणवायू आतल्या अस्तरातून झिरपत राहतो आणि नक्षीखालच्या थरांना, म्हणजे पट्ट्यांना, धरून ठेवणारे रबर कडक व ठिसूळ करतो. पकड सुटली की एखाद्या दिवशी वेगात असताना वरचा नक्षीचा पट्टाच सालीसारखा निघून येतो. बाहेरून एकही भेग न दिसणाऱ्या टायरच्या बाबतीतही हे घडू शकते.

या सगळ्याला उष्णता वेग देते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने एका मोठ्या विमा कंपनीकडे आलेले टायरविषयीचे दावे तपासले, तेव्हा टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि अॅरिझोना या पाच उष्ण राज्यांत कंपनीचे केवळ २७ टक्के ग्राहक असूनही ७७ टक्के दावे तिथूनच आलेले आढळले, आणि त्यातले ८४ टक्के दावे सहा वर्षांहून जुन्या टायरचे होते. मराठवाड्यात किंवा विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी काय तापमान असते, हे वेगळे सांगायला नको.

टायरचे वय वाचायला शिकणे हे पहिले काम. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ (DOT) ही इंग्रजी अक्षरे शोधावीत. त्यांच्यामागून येणाऱ्या संकेताच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. ‘१११२’ म्हणजे २०१२ सालचा अकरावा आठवडा, म्हणजेच मार्च महिना. पुष्कळदा ही तारीख टायरच्या एकाच बाजूवर असते आणि बसवणाऱ्याने ती बाजू आत केलेली असते; अशा वेळी टॉर्च घेऊन गाडीखाली वाकण्याला पर्याय नाही. शेवटी तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालापूर्वीचा आहे. त्याची अधिक चौकशी न करता तो काढून टाकावा. चारही चाके पाहून झाली की स्टेपनी पाहायला विसरू नये. डिकीत कधीच न फिरलेली, नक्षी कोरी असलेली स्टेपनी बहुधा सर्वांत जुनी निघते, आणि नेमकी अडचणीच्या वेळी तीच वापरली जाते.

किती वर्षांचा टायर बाद समजावा, याचे एकच उत्तर नाही. अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. मिशेलिन या टायर कंपनीचा सल्ला असा आहे की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षे झाली की टायर कितीही चांगला दिसला तरी बदलावा. ब्रिटनमध्ये या बाबतीत कायदाच झाला, आणि त्याला कारण एक अपघात होता. सप्टेंबर २०१२ मध्ये संगीत महोत्सवाहून तरुणांना घेऊन परतणाऱ्या बसचा पुढचा टायर सरे परगण्यात फुटला आणि बस झाडावर आदळून चालकासह तिघांचा जीव गेला. तो टायर १९ वर्षांहून जुना होता, पण टायरच्या वयाला तेव्हा कायद्याची मर्यादाच नव्हती. मृत तरुणांपैकी एकाच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून मालमोटारी व बस यांच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुना टायर चालवण्यास तिथे बंदी आली. आपल्या उन्हाळ्यात उघड्यावर किंवा पत्र्याखाली उभ्या राहणाऱ्या वाहनासाठी मी स्वतः सात वर्षांची रेघ ओढली आहे. ती नियमातली नाही, माझ्या समजुतीची आहे.

तपासणी सकाळी, टायर थंड असताना करावी. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालण्याआधी बाकीच्या चाकांना दगड आणि चासीखाली भक्कम घोडी लावावी. एकट्या जॅकच्या भरवशावर राहू नये. टायर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळू द्यावा, कारण धुळीखाली भेगा दिसत नाहीत. मग चाक हळूहळू हाताने फिरवत तीन जागा पाहाव्यात: नक्षीच्या खाचांचा तळ, टायरची बाहेरची व आतली बाजू, आणि टायर रिमला टेकतो ती कड. बाजूवर बोट फिरवताना उंचवटा लागला, म्हणजे फुगा आलेला असला, तर आतले धागे तुटलेले आहेत आणि त्या टायरवर गाडी गल्लीच्या तोंडापर्यंतही नेऊ नये. अंगठ्याचे नख रबरात दाबून पाहावे. जिवंत रबर किंचित दबून परत येते, मेलेले रबर बाकड्यासारखे कडक लागते. चाक फिरवताना एखाद्या ठिकाणी नक्षी उचललेली किंवा वाकडी दिसली, किंवा नुकत्याच केलेल्या फेरीत एका ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरले असेल, तर पट्टा सुटू लागल्याची शंका घ्यावी. खाचांमधल्या १.६ मिलिमीटर उंचीच्या खुणांपर्यंत नक्षी झिजली आहे का, हेही पाहावेच, पण अशा गाड्यांत तसे क्वचितच आढळते.

ट्रॉलीची गोष्ट थोडी वेगळी आहे. मोटारीचा टायर बिघडला तर स्टेअरिंग हाताला काहीतरी सांगते. ट्रॉलीचा टायर कोणालाच काही सांगत नाही. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्या आणि वर मोठ्या आवाजात गाणी चालू असली, तर मागच्या ट्रॉलीचा टायर बसलेला चालकाला कळतो तो मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याने हात हलवल्यावर. ऊस भरल्यानंतर हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू फार वाकतात, तापतात, आणि जुने रबर ती उष्णता सोसत नाही. म्हणून हंगामाआधी एकदा नीट तपासणी करावी आणि हंगामात रोज फडावर जाण्यापूर्वी गेजने हवा मोजावी. टायरला लाथ मारून हवेचा अंदाज घेण्याची आपली पद्धत जाड टायरच्या बाबतीत निरुपयोगी आहे, कारण निम्मी हवा गेलेला टायरही टणकच लागतो. ट्रॉलीला रिमोल्ड टायर सर्रास बसवतात. त्यात गैर काही नाही, पण रिमोल्डची नक्षी नवी आणि सांगाडा जुना असतो. तेव्हा तारीख सांगाड्याचीच वाचावी आणि ती खरवडून काढलेली दिसली तर तो टायर घेऊ नये.

नवे टायर घेताना जुन्या मोटारींच्या मालकांची खरी कसोटी लागते. फियाट आणि पद्मिनीचा मूळ माप ५.२०-१४, अॅम्बेसेडरचा ५.९०-१५, ही मापे सहज मिळत नाहीत, आणि मिळतात तेव्हा ती गोदामात वर्षानुवर्षे पडून राहिलेली असू शकतात. माझ्यासमोर एका दुकानदाराने कागदात गुंडाळलेला टायर ‘कोरा माल’ म्हणून ठेवला. कागद सोडवून तारीख पाहिली तर तो सहा वर्षांचा होता. “साहेब, वापरलेला नाही ना पण?” असे त्याने अगदी प्रामाणिकपणे विचारले. पैसे देण्याआधी तारीख पाहावी, इतकेच. मूळ मापाऐवजी रेडियल, म्हणजे आजच्या मोटारींना असतात त्या बांधणीचे टायर, बसवायचे ठरवले तर चारही चाकांना बसवावेत. एकाच आसावर एक रेडियल आणि एक जुन्या बांधणीचा टायर कदापि असू नये, आणि पुढे रेडियल, मागे जुन्या बांधणीचे अशी जोडीही टाळावी. त्यामुळे वळणावर गाडीचा मागचा भाग निसटतो. टायरबरोबर ट्यूब, फ्लॅप (ट्यूब आणि रिम यांच्यामधली रबरी पट्टी) आणि व्हॉल्व्हही नवे घ्यावेत, आणि रिमच्या आतला गंज घासून रंग द्यावा, नाहीतर त्याच्या खपल्या नवी ट्यूब कापतात.

गाडी काही महिने उभी ठेवायची असेल तर टायर धुऊन, टायरवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत राहून हवा थोडी जास्त भरावी आणि ‘हवा कमी करणे’ अशी चिठ्ठी स्टेअरिंगला बांधावी. मी एकदा ती बांधायला विसरलो होतो आणि पहिल्याच खड्ड्यात आठवण झाली. शक्य असल्यास गाडी घोड्यांवर उचलून ठेवावी, नाहीतर महिन्यातून एकदा थोडी पुढे-मागे करावी, म्हणजे एकाच जागी भार राहून टायर चपटा होणार नाही. चाकांवर ऊन पडू देऊ नये. ट्रॉलीला झाडाची सावली किंवा गोणपाटही पुरते. विजेची मोटार आणि वेल्डिंग यांच्याजवळ ओझोन तयार होतो, त्यामुळे पंपाच्या खोलीत टायर रचून ठेवणे चुकीचे आहे. डिझेल, ग्रीस आणि टायर काळेभोर दिसावेत म्हणून लावायचे तेलकट पॉलिश यांपासूनही रबर दूर ठेवावे.

काढलेले टायर कोणाला देण्याआधी त्यांची बाजू कापावी. माझे चारही टायर पाहून पंक्चरवाल्याने “नक्षी आहे अजून, बैलगाडीला चालतील” असे म्हटले होते. मी त्याच्याचकडची करवत मागून घेतली आणि प्रत्येकाच्या बाजूला वीतभर चीर दिली. आता ते गोठ्याच्या पत्र्यांवर वजन म्हणून ठेवले आहेत.