ड्राफ्ट पिक्सचा साठा हाती आहे? मग या चुका टाळा

ड्राफ्ट म्हणजे एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या संघांनी दरवर्षी नवे खेळाडू निवडायची दोन फेऱ्यांची प्रक्रिया, आणि पिक म्हणजे त्यातला निवडीचा हक्क; तो दुसऱ्या संघाला देताही येतो. जुलै 2019 मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडर या संघाने पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे आणि रसेल वेस्टब्रुकला ह्यूस्टनकडे पाठवलं. या दोन सौद्यांतून शे गिल्जस-अलेक्झांडर हा तरुण गार्ड (चेंडू खेळवणारा खेळाडू) मिळाला आणि पहिल्या फेरीच्या पिक्सचा ढीगही आला. पुढची काही वर्षं एनबीएत एकच प्रश्न विचारला जायचा: थंडरचा जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी एवढ्या पिक्सचं करणार काय? जून 2025 मध्ये थंडरने इंडियाना पेसर्सला सातव्या सामन्यात हरवून विजेतेपद जिंकलं, तेव्हा त्याचं उत्तर मिळालं. मात्र साठा जमवूनही फसलेले संघ आहेत. ते कुठे फसले, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

मिळेल तो पिक वापरून टाकणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे, कारण ती चूक वाटतच नाही. पिक फुकट आलाय, तर एक मुलगा घेऊन बघायला काय हरकत आहे? हरकत जागेची आहे. संघात पूर्ण करार 15 जणांनाच देता येतात. पहिल्या फेरीत घेतलेल्या खेळाडूच्या कराराची पहिली दोन वर्षं पक्की असतात, म्हणजे तो जमला नाही तरी तेवढा काळ पगार चुकत नाही. शिवाय सामन्यात खेळायला मिळणारी मिनिटं मोजकीच असतात. बाकावर बसून कोणीही विशीतला खेळाडू घडत नाही.

बोस्टनकडे 2016 च्या ड्राफ्टमध्ये तब्बल आठ पिक्स होते. तिसऱ्या क्रमांकावर जेलन ब्राउन घेतला, तो सोनं ठरला. पण 2024 ला बोस्टनने विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्या आठांपैकी ब्राउनशिवाय एकही जण संघात नव्हता. 2016 च्या ड्राफ्टच्या रात्रीच 31 आणि 35 क्रमांकाचे पिक्स मेम्फिसला देऊन त्यांनी पुढच्या काळातला पहिल्या फेरीचा पिक घेतला. माझ्या मते त्या परिस्थितीत हेच शहाणपणाचं होतं.

यावर उपाय दोन. एक म्हणजे अनेक पिक्स देऊन एक वरचा पिक घ्यायचा. थंडरने 2022 मध्ये भविष्यातले तीन पहिल्या फेरीचे पिक्स न्यूयॉर्कला देऊन 11 वा क्रमांक मिळवला आणि उस्मान जेंगला घेतलं. गंमत अशी की तारा निघाला तो लगेच पुढच्या, 12 व्या क्रमांकावर घेतलेला जेलन विल्यम्स, आणि तो पिक क्लिपर्सच्या सौद्यातून आलेला होता. तेव्हा वर सरकलं की खेळाडू चांगलाच मिळेल, असं नाही. तरीही तीन जागा अडवण्यापेक्षा एक जागा अडवलेली बरी, हे मला पटतं. दुसरा उपाय अधिक आवडणारा आहे: 2023 मध्ये डॅलसच्या गळ्यातला डेव्हिस बर्तान्सचा महागडा करार स्वतःकडे घेऊन थंडर 12 वरून 10 वर सरकले आणि केसन वॉलेस मिळवला. त्यासाठी त्यांनी जास्तीचा पिक दिला नाही, पगाराच्या मर्यादेतली मोकळी जागा वापरली.

नावाच्या मागे धावून साठा रिकामा करणं

ब्रुकलिनने 2013 मध्ये केविन गार्नेट आणि पॉल पिअर्स यांच्यासाठी बोस्टनला पिक्स देऊन टाकले. दोघेही थोर खेळाडू होते, पण उतरणीला लागलेले. त्या पिक्सच्या जोरावर पुढे बोस्टनला ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले.

थंडरने उलट केलं. आधी आपल्याला नेमकं काय कमी आहे ते ठरवलं. बचाव करणारा गार्ड हवा होता, म्हणून जून 2024 मध्ये जॉश गिडीला शिकागोला देऊन ॲलेक्स करूसोला घेतलं आणि त्या सौद्यात एकही पिक दिला नाही. रिबाउंडसाठी (बास्केट हुकलेला चेंडू पकडण्यासाठी) आयझेया हार्टेनस्टाइनला थेट करारावर आणलं. पुढच्याच हंगामात 68 विजय. साठा हाती असताना हात आवरणं, हे प्रेस्टीचं मला वाटतं सगळ्यात मोठं कसब.

एकाच जागेसाठी तीनदा निवड

फिलाडेल्फियाने 2013, 2014 आणि 2015 या सलग तीन ड्राफ्टमधून नर्लेन्स नोएल, जोएल एम्बीड आणि जाहलील ओकाफोर असे तीन सेंटर (बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू) आणले. 2015-16 मध्ये संघ 10 सामने जिंकला आणि 72 हरला. एम्बीड मोठा झाला, पण नोएल आणि ओकाफोर यांना दुसऱ्या संघाला द्यायची वेळ आली तोवर त्यांची किंमत घसरली होती. ‘सगळ्यात गुणी खेळाडू घ्या’ हा सल्ला बरोबर आहे. मात्र एकाच जागेच्या खेळाडूंपैकी कोणाला कधी मोकळं करायचं, हेही त्याच दिवशी ठरवायला हवं.

विजेतेपदानंतर पिक्स निरुपयोगी समजणं

उलट आहे. जुलै 2025 मध्ये थंडरने शे, विल्यम्स आणि चेट होल्मग्रेन या तिघांचेही करार वाढवले. एकट्या शेचा चार वर्षांचा करार 28 कोटी 50 लाख डॉलरचा आहे. पगाराचा दुसरा ॲप्रन (संघाच्या एकूण पगारावरची वरची मर्यादा) ओलांडला की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून सौदा करता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिकही गोठतो, म्हणजे सौद्यात देता येत नाही. अशा संघाला स्वस्त रूकी (नवख्या खेळाडूंच्या) करारावरचे चांगले खेळाडूच तारतात. ते पिक्समधूनच येतात, कधी अगदी तळातूनही: ॲरन विगिन्स 2021 मध्ये 55 वा, एजे मिचेल 2024 मध्ये 38 वा.

चूक होऊनच गेली असेल तर

जागा भरल्या असतील तर पिक पुढे ढकला. थंडरने 2025 मध्ये 24 वा पिक सॅक्रामेंटोला देऊन पुढच्या काळातला पहिल्या फेरीचा पिक घेतला. मात्र असा पिक घेताना त्यावरच्या अटी वाचा: ठरावीक क्रमांकांच्या आत आला तर तो मूळ संघाकडेच राहतो, आणि कधीकधी शेवटी दुसऱ्या फेरीचाच पिक हाती लागतो.

निवड फसली असेल तर वाट बघत बसू नका. 2024 मध्ये थंडरने दुसऱ्या फेरीचे पाच पिक्स देऊन 26 व्या क्रमांकावर डिलन जोन्स घेतला होता. तो बसत नाही हे दिसल्यावर वर्षभरातच त्याला वॉशिंग्टनला दिलं, आणि 15 व्या क्रमांकावर निवडलेल्या थॉमस सोर्बरसाठी जागा झाली.