उतारा ओळखीच्या विषयावर निघाला तर जास्त सावध राहा

मराठी माध्यमातून आलेल्या बहुतेकांना वाटतं की स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी उताऱ्यात गुण जातात ते अवघड शब्दांमुळे. म्हणून तयारी शब्दांच्या यादीपासून सुरू होते. टेलिग्रामवर रोज पन्नास शब्दांची पीडीएफ येते, ती वहीत उतरवली जाते, अभ्यास झाल्यासारखा वाटतो आणि पुढच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, आकलनाचे गुण होते तिथेच असतात. मी लातूर जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकले. आधी बँकेच्या परीक्षा दिल्या, मग पुण्यात राहून राज्य लोकसेवा आयोगाची राज्यसेवा आणि केंद्रीय आयोगाची यूपीएससी यांची तयारी केली. आता नोकरीत आहे, तरी कुणी सीसॅटचा, म्हणजे पूर्वपरीक्षेतला आकलन, तर्क आणि गणिताचा पेपर समोर ठेवला की छातीत धडधडतं. ज्यांची अजून तीच धडधड चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

शब्दांचं आधी सांगून टाकते, कारण त्यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. यादी पाठ करावी की नाही, हे परीक्षेवर ठरतं. एसएससी सीजीएल ही केंद्र सरकारच्या कार्यालयांतल्या पदांची परीक्षा, तिच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांना असतात आणि दुसऱ्या टप्प्यात ४५ प्रश्न १३५ गुणांना. तिथे समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार, शब्दसमूहाबद्दल एक शब्द हे थेट विचारतात आणि मागच्या पेपरांतले शब्द फिरून येतात. म्हणजे तिथे यादी हवीच, पण ती मागच्या प्रश्नपत्रिकांतून तुम्ही स्वतः काढलेली. आयबीपीएस पीओच्या, म्हणजे बँक अधिकारी पदाच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या ३० प्रश्नांना २० मिनिटं स्वतंत्र मिळतात. तिथे शब्द वाक्यात बसवायचा असतो, त्यामुळे नुसता अर्थ पाठ असून भागत नाही. त्या शब्दामागे कोणतं क्रियापद येतं, पुढे कोणतं शब्दयोगी अव्यय लागतं, हे माहीत असावं लागतं. आणि सीसॅटमध्ये शब्दार्थ असा सरळ विचारलाच जात नाही म्हटलं तरी चालेल. सीसॅटसाठी शब्दांच्या जाड याद्या पाठ करत बसलेली मुलं मी अभ्यासिकेत रोज बघायचे. त्यांना कुणीतरी वेळीच सांगायला हवं होतं.

वहीत शब्द लिहायचाच असेल तर तो जिथे भेटला ते अख्खं वाक्य लिहा. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने ती वही उघडा, अर्थाचा भाग झाकून वाक्य वाचा. वाक्य कळलं तर शब्द आला. रोज दहा-बारा वाक्यांच्या वर जाऊ नका, उजळणीचा डोंगर होतो आणि मग वहीच उघडावीशी वाटत नाही.

अवघड शब्दांपेक्षा घात करतात ते साधे, चिमुकले शब्द. ‘अनलेस’, ‘हार्डली’, ‘ऑलदो’, ‘रादर दॅन’, ‘नॉट नेसेसरिली’. ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीच आणि ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे तरी आहेत. हे सगळं सातवी-आठवीत शिकवलेलं असतं, म्हणून आपण त्यांच्याकडे बघतच नाही आणि वाक्याचा अर्थ उलटा होऊन डोक्यात जातो. सरावाच्या वेळी अशा प्रत्येक शब्दाभोवती पेन्सिलने गोल करा. महिनाभर केलंत की डोळा आपोआप तिथे थांबायला लागतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येते. मला सगळ्यात जास्त छळलं ते ओळखीच्या विषयावरच्या उताऱ्यांनी. अनोळखी विषय असला, समजा युरोपातल्या कुठल्या तत्त्वज्ञानावर उतारा असला, की मी घाबरून एकेक ओळ धरून वाचायचे आणि उत्तरं बरोबर यायची. शेती, भूजल, महागाई, पंचायत राज असलं काही निघालं की हायसं वाटायचं. सामान्य अध्ययनात हे सगळं झालेलं असायचं. नेमके तेच प्रश्न चुकायचे.

असं का होतं ते नीट समजून घ्या. मी बनवलेला एक छोटा उतारा बघा. पेपरात तो इंग्रजीत असेल, इथे मराठीत देते: ‘ठिबक सिंचनामुळे एकरी पाणी कमी लागतं. मात्र वाचलेल्या पाण्यावर अनेक शेतकरी आणखी क्षेत्र भिजवतात किंवा जास्त पाण्याचं पीक घेतात. त्यामुळे ठिबक वाढलेल्या भागात भूजलाचा एकूण उपसा कमी झालेला असेलच असं नाही.’ प्रश्न असा की या उताऱ्यातून सर्वांत तर्कशुद्ध निष्कर्ष कोणता निघतो?

पर्याय एक: ठिबकमुळे शेतकऱ्याचं उत्पन्न वाढतं. पर्याय दोन: ठिबकचं अनुदान बंद करायला हवं. पर्याय तीन: एकरी पाण्याची बचत झाली म्हणजे भूजलाचा एकूण वापर घटला असं धरता येत नाही. पर्याय चार: भूजल वापरावर कायद्याने मर्यादा आणणं हाच उपाय आहे.

आमच्या भागात ऊस आणि बोअर बघत वाढलेल्या मुलीला पर्याय चार पटतो. बातम्यांत वाचलेलं असतं, मुख्य परीक्षेच्या उत्तरात लिहायला मुद्दा म्हणून पाठही असतो. पर्याय एकसुद्धा अनेक ठिकाणी खरा आहे. पण उताऱ्यात उत्पन्नाचा शब्द नाही, कायद्याचा नाही, अनुदानाचाही नाही. उत्तर तीनच. यूपीएससीच्या पेपरात उताऱ्यांच्या वरच सूचना छापलेली असते की उत्तरं फक्त उताऱ्यावर आधारित हवीत. ती सूचना आपण सगळेच वाचतो आणि खाली आल्यावर विसरतो, कारण मेंदूला माहीत असलेली गोष्ट समोर दिसली की तो ती उताऱ्यात शोधायचं थांबवतो. प्रश्न काढणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. एक पर्याय मुद्दाम असा ठेवतात की जो जगात खरा असतो आणि उताऱ्यात नसतो. जितका अभ्यास जास्त तितका तो पर्याय जास्त जवळचा वाटतो.

मला यातून बाहेर काढलं ते अभ्यासिकेतल्या एका ताईने. तिची राज्यकर निरीक्षक म्हणून निवड झाली होती आणि रुजू होईपर्यंत ती मुख्य परीक्षेसाठी यायची. मी मॉकमधला प्रश्न घेऊन तिच्याकडे गेले आणि माझा पर्याय कसा बरोबर आहे हे तावातावाने सांगायला लागले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, ते सगळं खरंय. पण ओळ दाखव.” मी पुन्हा विषयाची माहिती द्यायला लागले. ती परत, “ओळ दाखव.” उताऱ्यावर बोट ठेवायला जागाच नव्हती. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही असाच सराव केला: प्रत्येक उत्तरासमोर उताऱ्यातल्या ओळीचा क्रमांक लिहायचा. क्रमांक लिहिता आला नाही तर उत्तर बरोबर आलं तरी ते चूक धरायचं.

माझं ठाम मत आहे की हा एक प्रश्न विचारणारं माणूस महागड्या मार्गदर्शनापेक्षा मोलाचं असतं. जो मार्गदर्शक रोज नवं साहित्य पाठवतो आणि तुमचं एकही चुकलेलं उत्तर तुमच्यासोबत बसून बघत नाही, त्याच्याकडून आकलन सुधारत नाही. पैसे असतील तर टेस्ट सिरीज जरूर लावा, वेळेचा सराव होतो. पण उताऱ्यांसाठी खासगी क्लासनी दिलेली उत्तरं प्रमाण मानू नका. कित्येकदा तिथे पटवून न देता येणारे पर्याय बरोबर धरलेले असतात आणि आपण उगीच स्वतःवरचा विश्वास घालवून बसतो. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि आयोगाचीच उत्तरतालिका, एवढंच धरून चाला.

‘ओळ दाखव’ एका प्रकाराला लागू पडत नाही, तो म्हणजे गृहीतकाचा प्रश्न. गृहीतक उताऱ्यात लिहिलेलं नसतंच. वरच्याच विषयावर समजा लेखक म्हणतो, ‘ठिबकला अनुदान वाढवलं की भूजलाचं संकट कमी होईल.’ याच्यामागे काय धरलेलं आहे? वाचलेलं पाणी दुसरीकडे वापरलं जाणार नाही, हे. तपासायची रीत सोपी आहे: पर्याय खोटा आहे असं समजा आणि बघा, लेखकाचं म्हणणं कोसळतं का. वाचलेलं पाणी दुसरीकडे वापरलं जातं असं धरलं तर त्याचं म्हणणं कोसळतं, म्हणजे हेच गृहीतक. ‘शेतकऱ्यांना ठिबकची माहिती आधीपासून आहे’ असा पर्याय असेल तर तो खोटा धरा; अनुदानासोबत माहिती देता येईल, म्हणणं उभंच राहतं. तो गेला.

युक्त्यांचं म्हणाल तर ‘ओन्ली’, ‘ऑल’, ‘नेव्हर’ असलेला पर्याय डोळे मिटून काढून टाका, असं क्लासमध्ये सर्रास सांगतात. पण उताराच टोकाचं बोलत असेल तर टोकाचाच पर्याय बरोबर असतो. आधी प्रश्न वाचून मग उतारा वाचणं बँकेच्या लांब उताऱ्यांना थोडंफार चालतं. सीसॅटचे उतारे छोटे असतात. तिथे प्रश्न आधी वाचला की पर्याय डोक्यात बसतात आणि उताऱ्यात आपण तेच शोधत सुटतो. उतारा आधी, एकदाच, सावकाश.

वाचन कुठून सुरू करायचं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पहिल्या दिवसापासून ‘द हिंदू’चे अग्रलेख घेऊ नका. आधी इंग्रजी कळत नाही, त्यात विषय कळत नाही, आठवड्यात माणूस हात टेकतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं वेगवेगळ्या माध्यमांत निघतात आणि संकेतस्थळावरून पीडीएफ मोफत उतरवता येतात. सातवी, आठवीचं इतिहासाचं किंवा भूगोलाचं पुस्तक मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही घ्या. आधी इंग्रजी परिच्छेद वाचा, काय कळलं ते एका ओळीत मराठीत लिहा, मग मराठी पुस्तकातला तोच परिच्छेद बघा. कुठे निसटलं ते लगेच दिसतं आणि कुणाला विचारायला जायला लागत नाही. माझी इंग्रजी इथून सुधारली, शब्दांच्या यादीतून नाही. त्यानंतर केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची निवेदनं घ्या, त्यातली बरीच मराठीतही मिळतात. अग्रलेख शेवटी. अग्रलेख वाचतानाही रोज एकच घ्या आणि लेखकाचं म्हणणं दोन ओळींत लिहा.

सीसॅट नुसता पात्रतेचा म्हणून सोडून देणाऱ्यांना स्पष्ट सांगते, हा पेपर दरवर्षी चांगल्या चांगल्यांना घरी पाठवतो. यूपीएससीत २०१५ पासून आणि आता राज्यसेवेतही त्यात पात्रतेला ३३ टक्के लागतात. दोन्हीकडे ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. पात्रतेला ६६ गुण. यूपीएससीत बरोबर उत्तराला अडीच गुण आणि चुकीला त्याचा एक तृतीयांश वजा. आता ४० प्रश्न सोडवले आणि ३० बरोबर आले तर ६६.६७ गुण होतात, पार. २९ बरोबर आले तर ६३.३३, आणि पहिल्या पेपरात कितीही गुण असले तरी संपलं. एका उताऱ्यात उताऱ्याबाहेरचं ज्ञान वापरलं की एवढा फरक पडतो. यूपीएससीचा पेपर फक्त हिंदी आणि इंग्रजीत असतो. राज्यसेवेच्या अभ्यासक्रमातही इंग्रजी आकलनाचे उतारे मराठी भाषांतराशिवाय येतील असं लिहिलेलं आहे. नुसत्या मराठीवर पुढे जायचा रस्ता दोन्हीकडे नाही.

हे वाचून कुणाचं धाबं दणाणलं असेल तर हेही ऐका. या ४० प्रश्नांसाठी उत्तम इंग्रजी लागत नाही. उताऱ्यातले चार-पाच शब्द अडले तरी लेखक कशाच्या बाजूने बोलतोय आणि कुठे ‘पण’ म्हणतोय एवढं कळलं की बहुतेक पर्याय गळतात. मला आजही इंग्रजी कादंबरी वेगाने वाचता येत नाही. पेपर मात्र निघाला. गणित आणि तर्क चांगलं असेल तर उताऱ्यांतले फक्त खात्रीचे सोडवा. ते कच्चं असेल तर उताऱ्यांना पहिली चाळीस-पन्नास मिनिटं द्या, डोकं ताजं असतं तेव्हा.

आणि मुख्य परीक्षेला पोहोचलात तर तिथेही इंग्रजीचा पेपर आहेच: ३०० गुणांचा, २५ टक्के म्हणजे ७५ लागतात. यूपीएससीत तो आधीपासून आहे, राज्यसेवेच्या वर्णनात्मक पद्धतीतही आला. त्यात सारांशलेखन असतं. वर सांगितलेली ‘काय कळलं ते एका ओळीत लिहा’ ही सवय तिथे थेट कामाला येते, फक्त आता ती ओळ इंग्रजीत लिहायला लागा. पूर्वपरीक्षेचा निकाल लागायची वाट बघू नका. निकाल आणि मुख्य परीक्षा यांच्यामध्ये निबंधाला हात लावायलाही वेळ पुरत नाही. आठवड्यातून एक सारांश, हाताने, घड्याळ लावून, आणि तो तपासायला अभ्यासिकेतल्याच कुणाला तरी द्या.