नेपाळच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जाताना

मी नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्या मंडळीबरोबर, म्हणजे चर्चच्या लोकांबरोबर, दोनदा नेपाळला, स्यांग्जा जिल्ह्यातल्या डोंगरावरच्या एका शाळेत शिकवायला गेले. यंदा चर्चच्या तरुण संघातली पोरं निघालीत. त्यांनी जे जे विचारलं, ते इथे लिहिते.

आधी कागद. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण १५ ते ६५ वयाच्या माणसांना आधार कार्डावर जाता येत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, मूळ प्रत, जवळ ठेवा. नागपूरहून राप्तीसागर एक्स्प्रेस थेट गोरखपूरला जाते, तिथून सोनौलीची सीमा साधारण १०० किलोमीटर. पायी पलीकडे गेलं की भैरहवा, मग बुटवल, पाल्पा करत सिद्धार्थ राजमार्गाने वर चढायचं. लुंबिनी भैरहव्याहून जवळ आहे. दीक्षाभूमीच्या गावचे आपण, परतताना एक दिवस तिथे द्याच. पैशांसाठी शंभराच्या नोटा न्या, आपल्या १०० रुपयांचे तिकडे १६० होतात.

मुख्याध्यापकांचं लेखी बोलावणं आल्याशिवाय तिकीट काढू नका. कोणता वर्ग, किती तास, परीक्षा कधी, हे त्यांच्याकडून कळू द्या. आम्ही तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, आटोपल्यावर गेलो होतो. "थंडी लय असते का जी तिकडे?" असं मला सगळेच विचारतात. सकाळी असते, स्वेटर घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्गात येशूची सुवार्ता सांगायची नाही. नेपाळमध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करवणं गुन्हा आहे. २०१८पासून लागू झालेल्या मुलुकी अपराध संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. आईबापांनी लेकरू इंग्रजी शिकायला पाठवलंय, त्यांच्या माघारी दुसरं काही करणं म्हणजे विश्वासघात, आणि तो प्रभूच्या नावाने तर नकोच. प्रार्थना पहाटे आपल्या खोलीत करा. उपासनेला शनिवारी जा, तिथे सुटी शनिवारची असल्यामुळे मंडळ्या त्याच दिवशी जमतात. आम्ही गेलो तेव्हा रविवारी शाळा भरायची. रविवारी सकाळी हातात खडू घेताना मला आत कुठेतरी गलबलून आलं होतं.

लेकरांसोबत एकट्याने बंद खोलीत बसू नका, आणि त्यांचे फोटो शाळेला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

शिकवायचं काय? गाणी आणि खेळ तर सगळेच नेतात. मराठी माणसाकडे याहून कामाची गोष्ट आहे, ती म्हणजे देवनागरी. नेपाळी लिपी आपलीच, त्यामुळे मुलं इंग्रजी शब्द कसा ऐकतात ते त्यांच्या वहीतच दिसतं. आपण 'टीव्ही' लिहितो, ती 'टिभी' लिहितात. आपण 'व्हॅन', ती 'भ्यान'. म्हणजे 'व्ही' त्यांच्या तोंडात 'भ' होतो. मी इथूनच दहा छोटे आरसे नेले होते. आरसा तोंडासमोर धरायचा, वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवायचे आणि हवा सोडायची. पहिल्या बाकावरच्या एका मुलीचे पुढचे दोन दात पडलेले होते. ती आरशात बघत राहिली, मग बाजूच्या दातांवर ओठ ओढून तिने 'व्हॅन' म्हटलं, अगदी स्वच्छ. 'झू'चंही तसंच. ती त्याला 'जु' म्हणतात. आपल्या 'झाड'मधला झ आणि 'झेंडा'मधला झ वेगळा, हे आपल्याला न शिकवता येतं; 'झू'चा उच्चार 'झाड'मधल्या झ च्या जवळचा. तो फरक एकदा स्वतः मोठ्याने म्हणून बघा, मग मुलांना दाखवा.

जायच्या आधी दोन महिने जवळच्या मराठी शाळेत तास घेऊन बघा. चाळीस मुलांसमोर आवाज किती लावायचा, फळ्यावर अक्षर किती मोठं काढायचं, हे वर्गात उभं राहिल्यावरच कळतं.

पहिल्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली, ती अजून सलते. तिथल्या इंग्रजीच्या मिसना आम्ही मागच्या बाकावर बसवलं आणि त्यांचे सगळे तास आम्हीच घेतले. चौथ्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर मुलं म्हणतील, इंडियाच्या मिस छान शिकवायच्या." मला रात्रभर झोप आली नाही. वर्षभर त्या लेकरांसमोर उभ्या राहणार होत्या त्या, मी दहा दिवसांची पाहुणी.

दुसऱ्या वर्षी धडा त्यांनीच घेतला, मी फक्त उच्चार सांगायला बाजूला उभी राहिले. संध्याकाळी दोघी मिळून दुसऱ्या दिवशीचा तास ठरवायचो. नागपूरहून नेलेली संत्रा बर्फी मुलांना वाटली तेव्हाही फळ्यावर त्यांनीच लिहिलं: सुन्तला, संत्रा, ऑरेंज. तिथल्या डोंगरावरही संत्री पिकतात. मुलांनी दप्तरातून दोन-दोन काढून टेबलावर ठेवली आणि मिसनी त्यांच्याकडून एक ते वीस इंग्रजीत मोजून घेतली.

निघताना आरसे त्यांच्या कपाटात ठेवून आले. तुम्हीही जे साहित्य न्याल ते तिथेच ठेवून यायच्या हिशेबानेच न्या.