डोपिंगची नोटीस आल्यावर खेळाडूने काय करावे

राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचे, म्हणजेच नाडाचे पत्र आले की विद्यापीठ संघातला मुलगा असो वा व्यावसायिक कबड्डीपटू, त्याच्या तोंडून पहिले वाक्य एकच निघते, ‘मी काहीच घेतलेले नाही.’ ते अगदी खरे असले तरी एवढ्याने सुटका होत नाही, कारण या नियमांत बंदी असलेला पदार्थ नमुन्यात सापडणे हेच उल्लंघन ठरते आणि तो शरीरात कसा आला हे दाखवण्याचे ओझे बहुतांशी खेळाडूवर येते. म्हणून बचावाची तयारी नमुना देण्याच्या दिवसापासूनच करावी लागते.

चाचणीला नकार देऊ नका. नकार हेही उल्लंघनच असून त्यासाठी चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. नमुना दोन भागांत ज्यात भरतात त्या बाटल्यांचा संच स्वतः निवडा आणि ‘अ’ व ‘ब’ बाटल्यांवरचे क्रमांक फॉर्मवरील क्रमांकांशी एकेक अंक वाचून ताडून पाहा. त्याच फॉर्मवर अलीकडे घेतलेल्या औषधांचा रकाना असतो. सामना संपल्यावर थकलेली मुले तिथे ‘काही नाही’ असे लिहून मोकळी होतात आणि पुढे तीच ओळ त्यांच्या अंगाशी येते. सर्दीची गोळी, खोकल्याचे औषध, वस्तादांनी दिलेली पावडर, सारे काही तिथे लिहा. प्रक्रियेत काही वावगे दिसले तर शेरा त्याच कागदावर मारा आणि सही केल्यावर आपली प्रत मागून घ्या.

नोटीस आल्यावर पदार्थाचे नाव आणि त्याचा गट पाहा. स्टेरॉइडसारख्या पदार्थांसाठी मूळ शिक्षा चार वर्षांची असते आणि हेतू नव्हता हे खेळाडूला सिद्ध करावे लागते; औषधांतून चुकून येऊ शकणाऱ्या ‘विनिर्दिष्ट’ पदार्थांच्या बाबतीत हेतू होता हे संस्थेला दाखवावे लागते आणि दोष कमी ठरल्यास शिक्षा बरीच खाली येते. मुंबईच्या पृथ्वी शॉच्या फेब्रुवारी 2019 मधील नमुन्यात टर्ब्युटलिन हे असेच द्रव्य सापडले. ते खोकल्याच्या औषधातून आल्याचा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला आणि बंदी आठ महिन्यांवर थांबली.

असा खुलासा कागदांवर उभा राहतो. डॉक्टरांची चिठ्ठी, औषध दुकानाचे बिल आणि बॅच क्रमांक दिसणारी बाटली जपून ठेवा. पावडरीचा अर्धवट डबा भीतीपोटी फेकून देऊ नका. त्याच बॅचचा सीलबंद डबा मिळाला तर दोन्हींची तपासणी करून घेता येते.

‘अ’ बाटलीच्या निकालाची खातरजमा म्हणून ‘ब’ नमुना तपासून घेण्याचा हक्क पत्रातील मुदतीतच मागावा लागतो. आरोपपत्रानंतर 20 दिवसांत उल्लंघन आणि शिक्षा दोन्ही मान्य केल्यास चार वर्षांच्या बंदीत एक वर्षाची सूट मिळते. घाबरलेल्या मुलाला ही सूट मोठी वाटते, पण क्रीडा कायदा जाणणाऱ्या वकिलाला कागद दाखवल्याशिवाय सही करू नये, असे माझे ठाम मत आहे. तात्पुरते निलंबन लागू असेल तर महासंघाशी संलग्न कोणत्याही स्पर्धेत उतरू नका.

सुनावणी शिस्तपालन समितीपुढे होते. तिथे निर्दोष ठरलात तरी प्रकरण संपले असे समजू नका. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या नरसिंग यादवला 2016 मध्ये नाडाच्या समितीने निर्दोष ठरवले होते; आपल्याविरुद्ध घातपात झाला, हे त्याचे म्हणणे होते. त्यावर जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने अपील केले आणि 18 ऑगस्टला, रिओ ऑलिंपिक सुरू असतानाच, खेळांतील वादांचा आंतरराष्ट्रीय निवाडा करणाऱ्या क्रीडा लवादाने घातपाताचा पुरेसा पुरावा नाही म्हणून त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली.

निकाल विरोधात गेला तर राष्ट्रीय पातळीवरील खेळाडूला अपील समितीकडे, तर आंतरराष्ट्रीय खेळाडूला स्वित्झर्लंडमधील लोझानच्या त्याच क्रीडा लवादाकडे दाद मागता येते. त्यासाठी साधारण 21 दिवसांची मुदत असते. ती निकाल हाती पडल्यापासून मोजली जाते, म्हणून तो ईमेल किंवा लिफाफा तारखेसह जपून ठेवा.