क्रायोस्टॅटच्या मानेतला बर्फ: माझा अनुभव

जुलैत कोल्हापूरची हवा इतकी ओली असते की हेलियमचा ट्रान्सफर पाइप बाहेर काढला की लगेच पांढरा होतो. तो बर्फ दिसतो, पुसता येतो. घात करतो तो क्रायोस्टॅटच्या, म्हणजे द्रव हेलियम ठेवायच्या भांड्याच्या, अरुंद मानेतला. द्रव हेलियम ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंशांना उकळतं. तिथं बाष्पच काय, हवाही दगड होते. नायट्रोजन तर ६३ केल्विनलाच गोठतो. मान बुजली की वाफ कोंडते, आणि एका लिटर द्रवाचा खोलीच्या तापमानाला साधारण ७५० लिटर वायू होतो. शिट्टी अडकलेला कुकरच तो.

आमच्या लॅबमध्ये दाबाचा काटा चढत होता आणि रिकव्हरी लाइनचा, म्हणजे उडालेला हेलियम परत गोळा करणाऱ्या नळीचा, प्रवाह मंदावला होता. पूर्ण बुजलं असतं तर मी हात न लावता सगळ्यांना बाहेर काढलं असतं. थोडी वाट शिल्लक होती आणि मानेला वळसा घालणारा दुसरा सेफ्टी व्हॉल्व्ह चालू होता. फेस शील्ड, हातमोजे, ऑक्सिजनचा अलार्म, खिडक्या सताड उघड्या. मग बारीक नळीतून खोलीच्या तापमानाचा हेलियम वायू सोडला. काटा हळूहळू उतरला.

कारण निघालं व्हेंटवरच्या चेक व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे वायू फक्त बाहेर जाऊ देणाऱ्या झडपेत. तिची ओ-रिंग (रबरी कडं) वाळून कडक झाली होती, त्यामुळे बाहेरची हवा आत ओढली जायची. रिंग बदलली. आता भांड्यात कायम किंचित जास्त दाब ठेवतो आणि डिपस्टिक (द्रवाची पातळी मोजायची कांडी) कोरडी पुसून, स्लायडिंग सीलमधूनच घालतो. उघड्या तोंडातून घालायची नाही, कितीही घाई असो.