आईबाबांचा मेडिक्लेम रिन्यू करताय? या चुका टाळा

रिन्यूअलची नोटीस आली की घरोघरी एकच प्रश्न: ‘यंदा हप्ता कितीने वाढला?’ आकडा बघून हळहळायचं, मोबाइलवर पैसे भरायचे, झालं. पॉलिसीचा कागद उघडतो तो थेट हॉस्पिटलच्या काउंटरवर.

माझ्या आत्याचं असंच झालं. विमा 3 लाखांचा, खोलीभाड्याची मर्यादा रोज 1 टक्का, म्हणजे 3,000. पित्ताशयाच्या ऑपरेशनला आतेभावाने 6,000ची स्वतंत्र खोली घेतली. ‘पाच दिवसांचे वरचे पंधरा हजार आपण भरू, त्यात काय!’ बिल झालं 1,80,000. खोलीचे 30,000 निम्मे होणार हे त्याने धरलंच होतं. पण सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंगचे 1,10,000 होते, तेही निम्मे! खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची, म्हणून हे खर्चही त्याच प्रमाणात कापले. औषधं-तपासण्यांचे 40,000 तेवढे शाबूत. मंजूर 1,10,000, त्यातून 20 टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला आपला वाटा, वजा. विम्याचे आले 88,000, घरचे गेले 92,000. आत्या डिस्चार्जपर्यंत विचारत होती, ‘कॅशलेस म्हणाला होतास ना रे?’

मी दरवर्षी पॉलिसीसोबतचं ग्राहक माहितीपत्रक छापून घेतो. ते मराठीतही मागता येतं. खोलीभाडं, को-पे, मोतीबिंदूची मर्यादा, तिन्हींवर पेन्सिलने खुणा करतो आणि जवळच्या हॉस्पिटलला फोन करून दोन पेशंटच्या सामायिक खोलीचा दर विचारतो. अर्धा तास लागतो. ॲपवर ‘सर्वांत स्वस्त’ लावून दोन मिनिटांत पॉलिसी उचलणाऱ्यांना तेवढाही वेळ नसतो. क्लेम अडकला की मात्र दिवसचे दिवस असतो.

शुगर-बीपी लपवू नका. ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ म्हणणारा एजंट क्लेमच्या वेळी फोन उचलत नाही. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त 3 वर्षं थांबावं लागतं, एप्रिल 2024 पूर्वी 4 होती. लपवाछपवी उघड झाली तर क्लेम जातोच, पॉलिसीही जाऊ शकते.

सत्तरी ओलांडली की 5 लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड काढाच, पण त्याच्या भरवशावर जुना मेडिक्लेम सोडू नका. आपलं हॉस्पिटल त्या योजनेत आहे का, हे आधी विचारा.

तारीख उलटल्यावर वार्षिक हप्ता भरायला 30 दिवसांची सवलत असते, पण त्या दिवसांत आजारपण आलं तर ते विम्याबाहेर. तारखेच्या आत भरा.

कंपनी बदलायची तर अर्ज मुदत संपण्याच्या किमान 45 दिवस आधी. आधीच्या आजारांसाठी जुन्या पॉलिसीत थांबलेला काळ वाया जात नाही, पण नवी कंपनी नाही म्हणू शकते; होकार येईपर्यंत जुनी सोडू नका. 92,000 भरून शहाण्या झालेल्या आतेभावाला हे आठवलं तेव्हा 11 दिवस उरले होते. आत्या आणखी वर्षभर त्याच पॉलिसीत.